मदत हवी आहे: ब्राऊन केलेले केस उन्हात तांबडे पडलेत

उन्हाळी_वारा: ब्राऊन कलर केला होता, उन्हाने पार वाट लागली, केशरी दिसतोय. पुढच्या आठवड्यात घरात लग्न आहे. काय लावू ते पटकन सांगा, परत पूर्ण कलर करायचा नाहीये.

मधुरा७: घरी केला की पार्लरमध्ये? आधी ब्लीच केलं होतं का? राहतेस कुठे, पाणी कसलं?

उन्हाळी_वारा: सोलापूर. पार्लरमध्ये, ब्लीच नाही. दिवसभर स्कूटीवरच असते.

कराडची_काकू: मेंदी लाव गं. चहाच्या पाण्यात, लोखंडी कढईत रात्रभर भिजव. मी कित्येक वर्षं लावतेय, ऊन असो पाऊस असो, रंग हलत नाही.

मधुरा७: काकू, मेंदीने तांबडेपणा अजून वाढेल, तिला तोच घालवायचाय ना! आणि बाजारातल्या काळ्या मेंदीत बऱ्याचदा पीपीडी (काळ्या रंगासाठीचं रसायन) असतं, लग्नाच्या तोंडावर ॲलर्जी उठली म्हणजे?

कराडची_काकू: मी पुडीतली म्हटलंच नाही, घरच्या पाल्याची. कढईत गडद होते ती.

भटक्या_एमएच१३: स्कूटीवर हेल्मेट घाला आधी! केस परत येतात, डोकं येत नाही.

उन्हाळी_वारा: अहो हेल्मेट असतंच, म्हणून तर वरचे केस ठीक आहेत. मागे पोनी बाहेर राहते तेवढीच उडालीय.

केसगळती_त्रस्त: हेल्मेटने केस गळतात का? कांद्याचा रस लावून बघितला, काही फरक नाही.

कात्री_कंगवा: ताई, माझं पार्लर आहे. परमनंट कलरमधल्या पेरॉक्साइडने केसाचा मूळ रंगही थोडा उतरतो, मग उन्हाने वरचा ब्राऊन फिका झाला की खालचा केशरी दिसायला लागतो. फक्त पोनीला डेमी-परमनंट (हळूहळू धुऊन जाणारा) ॲश ब्राऊन, म्हणजे राखाडी झाकेचा ब्राऊन, मारून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे, लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी. मेंदी आत्ता अजिबात नको, तिच्यावर नंतर कलर कसा बसेल भरवसा नसतो. पुढे आठवड्यातून एकदा केशरी झाक दाबणारा निळा शाम्पू लावा, जांभळा नको, तो ब्लॉन्ड केसांसाठी असतो. एरवी सल्फेट नसलेला शाम्पू, आणि कडकडीत पाण्याने धुऊ नका.

उन्हाळी_वारा: तेल लावून उन्हात गेलं तर चालेल? पाणी बोअरचं आहे, सांगायचं राहिलं.

कात्री_कंगवा: तेल धुण्याआधी लावा, उन्हाला तेल पुरत नाही. पोनीची वेणी घाला, सुती स्कार्फमध्ये गुंडाळा आणि टोक कुर्त्याच्या आत घ्या. बोअरच्या क्षारांनी रंग मंद दिसतो, शेवटचे दोन मग फिल्टरच्या पाण्याचे घ्या.

कराडची_काकू: आमच्याकडे नळाचंच पाणी येतं, म्हणून मेंदी छान बसते.