एक देश, एक मत: बुद्धिबळाच्या खुर्चीचा भाव कोण ठरवतं?

धरमपेठचं प्यादं
रविवारी इथल्या एका रेटिंग स्पर्धेत पोरगी आत खेळत होती आणि आम्ही आईबाप मंडळी बाहेर पायऱ्यांवर बसलो होतो. गप्पा दिव्या देशमुखवर आल्या (नागपुरात येतातच), तिथून बक्षिसावर. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बाटुमीत कोनेरू हंपीला हरवून दिव्यानं महिलांचा विश्वचषक जिंकला, मिळाले ५० हजार डॉलर. २०२३ ला बाकूत खुल्या गटाचा विश्वचषक जिंकणाऱ्या मॅग्नस कार्लसनला मिळाले होते १ लाख १० हजार. एकानं विचारलं, हे ठरवतं कोण?

फिडे, म्हणजे बुद्धिबळाचा जागतिक महासंघ. आणि फिडेच्या अध्यक्षाच्या खुर्चीत कोण बसणार हे ठरतं एक देश, एक मत या हिशेबानं. भारताचं एक, मोनॅकोचंही एकच. माझ्या मते पाणी मुरतं ते इथंच. ज्या देशाच्या महासंघाला घड्याळं आणि विमानाची तिकिटंही जड जातात, त्याचं मत वळवायला कितीसा खर्च येणार? २०१० ला कार्पोव्ह इल्युमझिनोव्हसमोर ९५-५५ नं पडला, २०१४ ला कास्पारोव्ह ११०-६१ नं. दोघंही जगज्जेते. आणि समोर रशियातल्या काल्मिकिया प्रांताचा राष्ट्राध्यक्ष राहिलेला, परग्रहवासी मला यानात घेऊन गेले होते असं खुशाल सांगणारा! २०१५ ला अमेरिकेनं त्याच्यावर निर्बंध घातले तरी त्यानं अध्यक्षपद सोडलं नाही. २०१८ ला स्विस बँकेनं फिडेचं खातंच बंद केलं, तेव्हा कुठे त्याचा काळ संपला.

महालातला जुना खेळाडू
भाऊ, जरा मागे जा. १९८२ ला फिलिपिन्सचे कॅम्पोमानेस फिडेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले. त्याआधीचे चारही अध्यक्ष युरोपातले: दोन नेदरलँड्सचे, एक स्वीडनचा, एक आइसलँडचा. तेव्हा आपल्याकडे ग्रँडमास्टर किती होते? शून्य. आनंद पहिला, १९८८ ला. ज्या किरकोळ देशांना तुम्ही नावं ठेवता, त्यांच्या रांगेत आपणच उभे होतो. ग्रँडमास्टर मोजून मतं दिली असती तर मॉस्कोनं आपल्याला दारात तरी उभं केलं असतं का? आता आपलं पोट भरलं म्हणून शिडी काढून घ्यायची?

आणि कास्पारोव्ह काही धुतल्या तांदळाचा नव्हता. फिडेचे तेव्हाचे सरचिटणीस, सिंगापूरचे लिओंग, यांच्याशी त्यानं केलेला करार बाहेर आला. मतांसाठी पैशाचा व्यवहार म्हणून फिडेच्या नैतिकता आयोगानं २०१५ ला दोघांवरही दोन वर्षांची बंदी घातली.

धरमपेठचं प्यादं
म्हणजे बोली दोन्हीकडून लागत होती. माझंच म्हणणं झालं की हे!

तर्री पोहे
आपलं पण बोला ना बे. २०२२ ला चेन्नईत फिडेच्या अध्यक्षपदाची निवडणूक द्वोर्कोविच १५७-१६ नं जिंकला. युक्रेनचं युद्ध सुरू, माणूस रशियाचा माजी उपपंतप्रधान. पण जोडीला उपाध्यक्षपदासाठी आनंद होता, मग आपण काऊन बोलू? अध्यक्षाला दोनच कार्यकाळांची मर्यादा होती, तीही २०२३ ला काढून टाकली. इल्युमझिनोव्हनं हेच केलं असतं तर किती बोंब मारली असती?

महालातला जुना खेळाडू
मर्यादा काढली ते चूकच, तिथं मी भांडत नाही. पण रशियन सरकारी कंपन्यांचं प्रायोजकत्व याच माणसाच्या काळात थांबलं, आणि रशियात ठरलेलं बुद्धिबळ ऑलिम्पियाड चार-पाच महिन्यांत चेन्नईत उभं राहिलं. तिथं खेळलेल्या पोरांना विचारा.

खामल्याची आई
बाटुमी-चेन्नई राहू द्या. मी एकदा एका खेळ संघटनेच्या सभेला गेले होते. नाव घेत नाही, पोरगा अजून खेळतोय. दारात रजिस्टरवर सही घेतली, समोसे आले, चहा आला. कपबशा उचलता उचलता कोणीतरी म्हणालं, "झाली निवडणूक, बिनविरोध." मतपत्रिका कोणत्या रंगाची असते हे मला आजवर माहीत नाही. मान्यता नसलेल्या स्पर्धा खेळणाऱ्या खेळाडूंना बाहेर काढल्याबद्दल २०१८ ला भारतीय स्पर्धा आयोगानं (बाजारातली मक्तेदारी रोखणारी सरकारी संस्था) आपल्याच अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाला ६.९२ लाखांचा दंड केला होता. फिडेत मत टाकायला जातो तो हाच महासंघ. वरून देश मोजा नाहीतर ग्रँडमास्टर मोजा, मत टाकणारा माणूस इथूनच जाणार ना?

धरमपेठचं प्यादं
हे पटलं. मग उपाय एकच: निम्मी मतं देशांना, निम्मी थेट खेळाडूंना. ज्याला रेटिंग, त्याला मत.

महालातला जुना खेळाडू
म्हणजे ज्या देशात रेटिंगच्या स्पर्धा जास्त, त्याचं राज्य. पुन्हा मोठे देशच.

खामल्याची आई
शिवाय रेटिंगवाली बरीच मंडळी शाळेत आहे. गुकेश जगज्जेता झाला तेव्हा अठराचा होता, आमचा अकराचा आहे. त्याचं मत कोण टाकणार, मी? की त्याचे कोच? मला तर आत्ताच दिसतंय, पायऱ्यांवर समोसे वाटले जात आहेत.