मेकॅनिकलनंतर मटेरियल सायन्समध्ये एम.टेक.: गेटचा कुठला पेपर द्यावा? मदत हवी आहे

बार्जवाली

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी डिचोलीची. बी.ई. मेकॅनिकल, २०२३, सीजीपीए ७.४. पास झाल्यापासून मांडवीच्या काठावरच्या एका बार्ज (सपाट मालवाहू बोट) दुरुस्तीच्या यार्डात क्वालिटीला आहे. काम म्हणजे बार्ज स्लिपवेवर ओढून घेतली की तिच्या पोटाखाली वाकून प्लेटींची जाडी मोजत फिरायचं. शिंपले खरवडलेल्या जागी जेली लावायची, प्रोब टेकवायचा, आकडा वाचायचा आणि खडूनं प्लेटीवरच लिहायचा. मूळ जाडी आठ मिलिमीटर. ७.६, ७.५, ७.६ असं येत जातं आणि मग त्याच प्लेटीवर हातभर अंतरावर एकदम ४.९. पहिल्यांदा मला वाटलं मशीन बिघडलं. तीनदा मोजलं. मशीन ठीक होतं.

त्या जागेशेजारी जस्ताची पट्टी होती. जस्त लावतात ते लोखंडाऐवजी आपण झिजावं म्हणून. आदल्या खेपेच्या रंगाऱ्यानं तिच्यावरही लाल रंगाचे दोन हात झकास मारले होते. जस्ताला पाणीच लागलं नाही, तर ते झिजणार कसं? पट्टी नवी कोरी, शेजारची प्लेट चाळण. फोरमनना दाखवलं तर म्हणाले, "बाय, रंगाचं बिल चौरस मीटरवर. जस्त सोडून सोडून कोण रंगवत बसणार?"

पण सगळं खापर रंगावर फोडावं असंही वाटत नाही. पावसाळ्यात आमच्याकडे नदीचं पाणी जवळजवळ गोडं होतं, मार्च-एप्रिलात खारट. वर्षभर वरखाली करणाऱ्या बार्जला मग जस्तच बरं की दुसरं काही? यार्डात चौघांना विचारलं. चौघांचं उत्तर एकच, "आमी पयलींसावन जस्तच लायतात." (आम्ही पहिल्यापासून जस्तच लावतो.)

तर हे मला नीट शिकायचं आहे. कॉलेजात धातूचा नमुना घासण्याचं एकच प्रॅक्टिकल धड झालं होतं. २२० च्या एमरी पेपरपासून १२०० पर्यंत, दर पेपरला नमुना नव्वद अंशांत फिरवून, आधीचे ओरखडे जाईपर्यंत घासायचा. मग मखमलीवर पॉलिश, मग नायटल नावाच्या आम्लाच्या द्रावणाचे थेंब, की आरशासारखा पृष्ठभाग क्षणात धुरकट होतो. बाकीची बॅच चहाला गेली होती. मी मायक्रोस्कोपला डोळा लावला तर पर्लाइट (पोलादाच्या आतली थरांची रचना) दिसलं, अगदी बोटाच्या ठशासारख्या रेघा. त्या दिवशी मेकॅनिकल घेतल्याचा थोडा पश्चात्ताप झाला, खरं सांगते.

आता अडचणी. गेट, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेशाची परीक्षा, २०२३ मध्ये मेकॅनिकलच्या पेपरला दिली होती, पात्र ठरले एवढंच. पुन्हा द्यायची तर एमई (मेकॅनिकल), एमटी (धातुशास्त्र) की एक्सई (इंजिनिअरिंग सायन्सेस)? नोकरी चालू ठेवून जमेल का? एम.टेक. करू की सरळ पीएच.डी.चं बघू? जर्मनीचं नाव सगळे घेतात म्हणून पणजीतल्या एका कन्सल्टंटकडे गेले होते. २५ हजार घेऊन त्यानं जी यादी दिली ती सगळी ऑटोमोबाइल आणि मेकाट्रॉनिक्सची. मटेरियल म्हटल्यावर म्हणाला, "तेच की, सगळं एकच." पैसे गेले ते गेले.

घरचं एक सांगायलाच हवं. बाबा खाणीच्या वॉशिंग प्लांटवर ऑपरेटर होते. २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा मी सहावीत होते. मधे सुरू झाल्या, २०१८ च्या मार्चमध्ये पुन्हा थांबल्या. त्यामुळे 'चालती नोकरी सोडते' हे वाक्य आमच्या घरात उच्चारणं सोपं नाही. आई तर म्हणते, लोखंडानं एकदा पोट भरलं आणि एकदा मारलं, आता परत तेच कशाला?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

---

निवृत्त भट्टीवाला

बाये, आधी तुझ्या जस्ताचं. शंका बरोबर आहे. गोड्या पाण्यात जस्ताच्या अंगावर थर धरतो आणि ते मंदावतं. मचूळ पाण्यात अॅल्युमिनियम-जस्त-इंडियमचा मिश्रधातू बरा चालतो. मॅग्नेशियम गोड्या पाण्यात उत्तम, पण खाऱ्यात बघता बघता संपून जातं. तुमच्या बार्जा बारा महिने नेमक्या कुठल्या पट्ट्यात फिरतात, क्षारता किती, हे मोजल्याशिवाय ठाम बोलता यायचं नाही. रंगाऱ्याला मात्र जस्तावर चिकटपट्टी मारून द्या. दहा रुपयांत काम होतं.

मी बिडाच्या भट्टीवर जन्म काढला, म्हणून माझं मत पक्षपाती समज. गेटला एमटी दे. धातुशास्त्राच्या खात्यांचं दार त्या किल्लीनं सगळ्यात सरळ उघडतं. अभ्यासक्रमात धातुकर्मातलं थर्मोडायनॅमिक्स, उष्णता आणि वस्तुमानाचं वहन, खनिज प्रक्रिया, धातू काढण्याच्या रीती, भौतिक धातुशास्त्र, यांत्रिक धातुशास्त्र, उत्पादन प्रक्रिया. यातलं वहन आणि उत्पादन मेकॅनिकलवाल्याला अर्धं येतंच. खनिज प्रक्रियेची धास्ती घेऊ नकोस. हायड्रोसायक्लोनमध्ये (पाण्याच्या भोवऱ्यानं कण वेगळे करणारा शंकू) जड कण खालून आणि हलके वरून का निघतात, हे तुझे बाबा चित्र काढून सांगतील. वॉशिंग प्लांटवर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला क्लासिफायर शिकवायला कुठल्या क्लासची गरज नाही.

आईंना एक आठवण सांग. पणजी-पर्वरीचा मांडवीवरचा पूल १९८६ च्या पावसाळ्यात कोसळला. वीस वर्षंही झाली नव्हती त्याला. आतल्या ताणलेल्या तारा गंजल्या होत्या. बाहेरून काँक्रीट धडधाकट. नंतर कितीतरी काळ आम्ही फेरीबोटीच्या रांगेत उभे होतो. खाणी बंद होतील, चालू होतील. खारा वारा कुठे बंद होतोय?

---

चौथं_वर्ष_चालू

एका आयआयटीत मटेरियल्समध्ये पीएच.डी. करतोय, माझं मूळही मेकॅनिकल. काकांशी थोडा असहमत.

नोकरी सांभाळून पाच-सहा महिन्यांत अख्खा एमटी उरकणं जड आहे. एक्सईचा हिशोब बघ. १५ गुण अॅप्टिट्यूड, १५ इंजिनिअरिंग मॅथ्स, मग तुझ्या आवडीचे दोन विभाग, प्रत्येकी ३५. त्यात मटेरियल सायन्स आणि सॉलिड मेकॅनिक्स घेतलंस तर दुसरा विभाग तुझा घरचाच. नवीन शिकायचं ते ३५ गुणांचं, आणि त्यात गंजणं हा विषय अभ्यासक्रमातच आहे. उलट बाजू अशी की काही खाती एक्सई घेत नाहीत किंवा त्यासाठी जागा कमी ठेवतात. म्हणून आधी पाच-सहा खात्यांची चालू वर्षाची माहितीपत्रकं उघड आणि कुणाला कुठला पेपर चालतो ते कागदावर लिही. पेपर त्यानंतर ठरव. मी उलटं केलं आणि एक वर्ष घालवलं. ठरलेल्या जोड्यांमधले दोन पेपर एकाच वर्षी देण्याचीही सोय आहे. स्कोअर तीन वर्षं चालतो. मुलींना फी निम्मी. फॉर्म साधारण चवथीच्या (गणपतीच्या) गडबडीत सुटतात, माटोळी बांधता बांधता तारीख विसरू नकोस. परीक्षा फेब्रुवारीत, कार्निव्हलच्या आसपास.

आता सगळ्यात जास्त पोरं जिथे पडतात तो खड्डा. आयआयटींच्या ऑफर सीओएपी नावाच्या पोर्टलवर येतात, म्हणून लोक तिथे नाव नोंदवून निवांत बसतात. ते फक्त ऑफर स्वीकारायचं ठिकाण आहे. अर्ज प्रत्येक आयआयटीकडे वेगळा करावा लागतो, आणि तो आधी. एनआयटींसाठी सीसीएमटी ही वेगळी फेरी. माझ्या रूममेटचा स्कोअर माझ्यापेक्षा चांगला होता. तो मे महिन्यापर्यंत ऑफरची वाट बघत बसला, अर्ज एकाही ठिकाणी केलेला नव्हता.

एम.टेक. की पीएच.डी.? तुझ्या डोक्यात प्रश्न आधीच आहे, तेव्हा तिसरा पर्यायही बघ: एमएस बाय रिसर्च. आयआयटी मद्रासला आहे, आणि बंगळूरच्या आयआयएस्सीत त्याच धर्तीचं एम.टेक. रिसर्च आहे. कोर्स कमी, प्रबंध मोठा, मुलाखतीला वजन जास्त. त्या मुलाखतीत तुझी ती ७.६ आणि ४.९ ची गोष्ट सांग, बाकी पाठ केलेलं काही सांगू नकोस. फक्त एक तयारी ठेव. ते लगेच विचारतील, ४.९ तिथेच का? रंग सगळ्याच पट्ट्यांना होता ना?

पैशांचं. एम.टेक.ला गेटवर महिन्याला १२,४०० मिळतात, त्यासाठी आठवड्याला आठ तास लॅब किंवा ट्यूटोरियलचं काम. त्यात मेस भागते, घरी पाठवायला उरत नाही. पीएच.डी.ला २०२३ पासून पहिली दोन वर्षं ३७,००० आणि पुढे ४२,०००, शिवाय घरभाडं. बी.ई. आणि गेटवर थेट पीएच.डी. बऱ्याच ठिकाणी मिळते, पण ७.४ ला सगळीकडे मिळेलच असं नाही.

---

मडगांव_एक्सप्रेस

एवढं कशाला? आजी-आजोबा १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असतील ना? पोर्तुगीज पासपोर्ट काढ आणि युरोपात शिक की! आमच्या वाड्यावर अर्धी घरं रिकामी झाली त्यावर. :)

---

म्हापशेकर_आता_आखेन

वरचा प्रतिसाद गमतीत घे. आधी वडिलांची नोंद, मग तुझी, कागद गोळा करण्यात वर्षं जातात, आणि पोर्तुगीज झालीस की भारतीय नागरिकत्व संपतं. भारतात सरकारी प्रयोगशाळेत काम करायचं मनात असेल तर नकोच.

जर्मनीबद्दल थोडक्यात. फी बहुतेक राज्यांत नाममात्र, पण बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये बाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. खरा खर्च ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी बँकेत अडकवून ठेवायच्या पैशांचा, वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात. एपीएसचं (भारतीय पदव्या तपासणारा जर्मन दूतावासाचा विभाग) प्रमाणपत्र सक्तीचं. आणि मटेरियलच्या कोर्सना ते तुमच्या मार्कशीटवर मटेरियल, केमिस्ट्री, फिजिक्सचे क्रेडिट मोजतात. मेकॅनिकलवाले तिथेच गळतात, टक्के चांगले असूनही. तुमच्या कन्सल्टंटनं ऑटोमोबाइलची यादी का दिली ते आता कळलं असेल. त्याला सोपं ते दिलं. इंग्रजीत शिकवतात हे खरं, पण जर्मन न येता इथे दुकानात दूध मागणंही जिवावर येतं.

---

फोंडेकरीण

कर्जासाठी: गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे, बँकेत जायच्या आधी तिथे चौकशी कर. रहिवासी दाखला आत्ताच काढून ठेव. मामलेदार कचेरीत ऐनवेळी रडायची पाळी येते, मी रडले आहे.

---

बार्जवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

@चौथं_वर्ष_चालू, तुमचा प्रश्न झोंबला. पट्ट्या सगळ्याच रंगवलेल्या होत्या आणि ४.९ एकाच जागी. शनिवारी जुने खडूचे आकडे वहीतून काढून बार्जच्या नकाशावर मांडले. पातळ जागा बहुतेक उजव्या अंगाला, वेल्डिंगच्या जोडाला लागून आहेत. डाव्या अंगाला दोनच. दोन वर्षं रोज आकडे लिहितेय आणि एकदाही मांडून बघितले नाहीत, याची लाज वाटली. आता नवीन प्रश्न पडलाय. जोडातली धातू वेगळी म्हणून तिथे खातंय, की धक्क्याला लागताना उजवी बाजू घासून रंग जातो म्हणून? बार्ज धक्क्याला नेहमी त्याच अंगानं लावतात असं खलाशी म्हणतात.

माहितीपत्रकांचं काम सुरू केलं. मुंबई, मद्रास, कानपूरच्या आयआयटी, नागपूरचं व्हीएनआयटी आणि सुरतकलचं एनआयटी. सुरतकल यादीत आहे कारण मडगावहून रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथे, आईला एवढं पुरेसं आहे. आत्ता तरी एक्सईकडे कल आहे. पाचातल्या दोन ठिकाणच्या ओळी वाचून नीट उलगडा झाला नाही, त्या खात्यांना मेल केलंय. नोकरी ऑफर हातात येईपर्यंत सोडणार नाही, हे घरी कबूल केलं.

@भट्टीवाला काका, बाबांना हायड्रोसायक्लोन विचारला. आधी "तुला कशाला हवंय ते?" म्हणाले. मग पेन घेऊन पंचायतीच्या पाणीबिलाच्या पाठीवर आकृती काढली, शंकूचा कोन, आत येणारी धार, वरचं भोक केवढं, खालचं केवढं, खालचं झिजलं की माल कसा पातळ पडतो. जेवण गार झालं. कोविडनंतर त्यांना इतकं सलग बोलताना ऐकलं नव्हतं.

दोन विचारायचं राहिलं. अंबरनाथची नौदलाची मटेरियल प्रयोगशाळा किंवा कराईकुडीची विद्युतरसायन संस्था इथे बी.ई. झालेल्यांना काही महिन्यांचं प्रोजेक्टचं काम मिळतं का, कुणाचा अनुभव? आणि डिचोली-साखळी-फोंडा भागात कुणाकडे भौतिक धातुशास्त्राचं जुनं पुस्तक पडून असेल तर मी स्कूटरवरून येऊन घेऊन जाईन.

---

निवृत्त भट्टीवाला

पुस्तकं आहेत, तीन. एकाला वाळवी लागली आहे, पण फेज डायग्रामचं प्रकरण शाबूत आहे. निरोपात पत्ता पाठवतो. रविवारी ये, आणि तो ४.९ चा तुकडा कापून काढला असेल तर घेऊन ये. माझ्याकडे एमरी पेपर आहे, जुना मायक्रोस्कोपही आहे. जोड मधोमध ठेवून काप, म्हणजे दोन्हीकडचं दिसेल.

---

बार्जवाली

प्लेट भंगारच्या ढिगात गेली होती. आज दुपारी गॅस कटरवाल्याला चहा पाजून खडूच्या खुणेवरून शोधून काढली. तो म्हणाला गॅसनं कापतो, मी म्हटलं नको, उष्णतेनं आतलं बदलेल, हॅकसॉच दे. हाताला फोड आलेत. रविवारी दहाला येते.