मदत हवी आहे: इंडोनेशियन शिकवताना चॅटची भाषा कधी आणायची?

मंडळी, मराठी प्रौढांसाठी बाहासा इंडोनेशियाचा प्राथमिक वर्ग आहे. पुस्तकातलं 'तिदाक' (नाही) येतं, पण व्हॉट्सॅपवर समोरून 'गाक' नाहीतर 'ङ्गाक' येतं. 'सुदाह'चं (झालं) 'उदाह', 'यांग'चं (जो) नुसतं 'वायजी' (yg). इथवर तक्ता पुरतो.

खरी अडचण क्रियापदांची. चॅटमध्ये क्रियापदाचा 'मे-' हा उपसर्ग गळतो आणि अनुनासिक तेवढं उरतं: मेनुलिस–नुलिस (लिहिणं), मेङिरिम–ङिरिम (पाठवणं), तसंच मिकिर (विचार करणं). विद्यार्थी शब्दकोशात 'नुलिस' शोधतात. मूळ 'तुलिस', 'किरिम', 'पिकिर'. त, क, प हे अनुनासिकात विरघळलेले असतात, ते परत घालायचे हे सुचत नाही. पण 'ङाम्बिल'चं (घेणं) मूळ 'अम्बिल', तिथे क घातला की चुकलं!

दुसरं, 'दि'. शब्दयोगी असेल तर सुटं (दि रुमाह, घरी), कर्मणी असेल तर जोडून (दितुलिस, लिहिलं गेलं). चॅटमध्ये इंडोनेशियन लोकच सर्रास उलटं लिहितात, मग वहीतली चूक कशी कापायची? पुनरुक्तीचं 'अनाक२' ('अनाक-अनाक', म्हणजे मुलं) तर 1947च्या सोएवांदी लेखनपद्धतीत चालायचं, 1972च्या नियमांनी औपचारिक लेखनातून काढलं. त्याला 'चूक' म्हणायला जीभ रेटत नाही.

'किता' आणि 'कामि' मात्र आपण-आम्हीमुळे फुकट मिळतात.

विचारायचं असं: 'मे-'चे नियम पक्के होण्याआधी 'नुलिस' दाखवावं की नंतर? आणि मूळ धातू ओळखण्याचे सराव कुणाकडे आहेत का? नावं-नंबर काढलेले खरे चॅट मिळाले तर उत्तम.