माल भरलेली पिकअप घाटात बंद पडते; हाय प्रेशर पंप बदलण्यापूर्वी काय तपासावे?

आंबाघाट:
माझ्याकडे बीएस ४ प्रदूषण मानकाच्या काळातील कॉमन रेल डिझेल इंजिनाची पिकअप आहे आणि हंगामात ती रत्नागिरीहून आंब्याच्या पेट्या घेऊन कोल्हापूरला जाते. साखरप्यापर्यंत कसलीही तक्रार नसते, मात्र आंबा घाटाचा चढ लागला की दुसऱ्या गिअरमध्ये एक्सलेटर पूर्ण दाबूनही गाडी हळूहळू ताकद सोडते, दोन-चार हिसके देते आणि बंद पडते. लगेच सेल्फ मारला तर सुरू होत नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबल्यावर काही झालेच नाही अशी सुरू होते आणि वरच्या वळणांवर पुन्हा मान टाकते. रिकामी असताना हा त्रास जवळजवळ होत नाही. डिझेल फिल्टर नुकताच बदलला आहे. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला तेव्हा पी००८७ हा कोड दिसला आणि तेवढ्यावरून डिझेलला जास्त दाब देणारा हाय प्रेशर पंप गेल्याचे सांगण्यात आले. पंपाचा खर्च मोठा आहे, शिवाय ऐन हंगामात गाडी उभी ठेवणे परवडणारे नाही. दोष पंपातच आहे हे नक्की कसे ठरवावे?

वायरिंगवाला:
गरम झाल्यावर बंद पडणे आणि निवल्यावर सुरू होणे हे ऐकले की पहिला संशय इंजिनाचे फिरणे मोजणाऱ्या क्रँक सेन्सरवर जातो, परंतु तो बिघडला तर इंजिन बहुधा एका क्षणात बंद होते. आधी ताकद जाणे, मग हिसके, असा क्रम सहसा नसतो. पुढच्या वेळी आरपीएमच्या काट्याकडे लक्ष ठेवा. गाडी गिअरमध्ये असून चाके इंजिनाला फिरवत असतानाच काटा एकदम शून्यावर कोसळला, तर सेन्सर किंवा त्याची वायर तपासावी लागेल. इंजिन मंदावेल तसा काटा उतरत गेला, तर डिझेलच्या बाजूला पाहावे. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टीही एकदा खोलून, घासून, घट्ट करून घ्या, कारण त्याला खर्च काहीच नाही.

जुना फिटर:
पी००८७ चा अर्थ एवढाच की रेलमध्ये, म्हणजे सर्व इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीत, जेवढा दाब हवा होता तेवढा मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे कोड सांगत नाही. पंपाला टाकीतून पुरेसे डिझेलच पोहोचत नसेल, पंप झिजला असेल किंवा इंजिनात डिझेल फवारणारा एखादा इंजेक्टर रिटर्नमध्ये, म्हणजे टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपात, फार डिझेल सोडत असेल, तरी तिन्ही वेळा हाच कोड येऊ शकतो. म्हणून तपासणी टाकीपासून पुढे करावी, पंपापासून मागे नव्हे. दुर्दैवाने सर्वांत महाग भाग आधी बदलण्याची पद्धत आता रूढ झाली आहे.

तुमच्या गाडीच्या काळातील बऱ्याच पिकअपमध्ये टाकीत इलेक्ट्रिक पंप नसतो. हाय प्रेशर पंपाला जोडलेला छोटा फीड पंपच टाकीतून डिझेल ओढतो. त्यामुळे टाकीपासून फिल्टरपर्यंतच्या पाइपात ओढ असते, आणि तिथे एखादा होज चिरला किंवा क्लॅम्प सैल झाला तर डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. खाली थेंब दिसत नाही म्हणून पाइप चांगला आहे असे समजू नये. फिल्टरनंतर पारदर्शक पाइपाचा तुकडा बसवून इंजिन चालू ठेवा. फिल्टर बदलल्यावर सुरुवातीला थोडे बुडबुडे येतात, पण ते येतच राहिले तर गाडी कुठेतरी एअर धरते आहे.

त्याआधी एक बिनखर्ची तपासणी करा. घाटात गाडी बंद पडली की टाकीचे झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा जोरदार आवाज आला आणि नंतर गाडी लगेच सुरू झाली, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. टाकी भरलेली आणि अर्धी असताना काही फरक पडतो का, तेही कळवा.

जुन्या मेकॅनिकल पंपाच्या सवयीने कोणी चालू इंजिनाचे इंजेक्टरकडील नट सैल करू लागला तर त्याला थांबवा. कॉमन रेलमध्ये आयडलिंगलाही दोनशे-तीनशे बार दाब असतो आणि भाराखाली तो हजाराच्या पुढे जातो. ती बारीक धार कातडी भेदून आत शिरते.

आंबाघाट:
काटा हळूहळू उतरतो, म्हणजे सेन्सरचा संशय कमी झाला. झाकण उघडल्यावर आवाज आला नाही आणि गाडीही लगेच सुरू झाली नाही. पारदर्शक पाइपात उभ्या गाडीत बुडबुडे नाहीत. टाकी अर्ध्याच्या खाली असली की त्रास लवकर सुरू होतो. पावसाळ्यात काम नसल्याने गाडी बरेच दिवस उभी असते, हेही सांगून ठेवतो.

जुना फिटर:
तुमचे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. कोकणातील दमट हवेत अर्धवट रिकामी टाकी उभी राहिली की आत पाणी धरते, ते तळाला साचते, आणि पाणी व डिझेल यांच्या सीमेवर जिवाणू-बुरशीचा काळा चिकट गाळ तयार होतो. टाकीत पाइपाच्या टोकाला जाळी असते, तिच्यावर हा गाळ ओढला जाऊन बसतो. सपाट रस्त्यावर लागणारे थोडे डिझेल त्यातूनही येते, परंतु चढावर पूर्ण भार पडला की पुरत नाही. गाडी बंद झाली की ओढ थांबते, गाळ जाळीवरून सुटतो आणि काही वेळाने इंजिन पुन्हा सुरू होते.

खात्रीसाठी टाकीच वगळा. स्वच्छ डिझेलचा कॅन मागच्या हौद्यात पक्का बांधून फिल्टरकडे जाणारा पाइप त्यात सोडा, रिटर्नही त्यातच घ्या आणि माल भरून घाट चढा. गाडी बंद पडली नाही तर पंप निर्दोष आहे. तरीही बंद पडली तर प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला एकेक बाटली लावा. एकाची बाटली इतरांहून झपाट्याने भरत असेल तर तो इंजेक्टर दोषी, आणि सगळ्या सारख्या भरत असतील तेव्हाच पंपाकडे वळा.

आंबाघाट:
कॅनवर गाडी पूर्ण भारासह घाटमाथ्यावरील आंबा गावापर्यंत न थांबता चढली. टाकी उतरवून पाहिली तेव्हा जाळीवर काळ्या गाळाचा थर होता आणि तळाला पाणी होते. टाकी धुऊन जाळी बदलली असून त्यानंतर घाटात त्रास झालेला नाही. गॅरेजमधील एका मुलाचे म्हणणे होते की कॉम्प्रेसरने पाइपातून उलटी हवा मारली असती तरी काम झाले असते.

जुना फिटर:
उलट्या हवेने गाळ जाळीवरून उडून पुन्हा टाकीतच पडतो, त्यामुळे गाडी काही दिवस चालते आणि मग तीच तक्रार घेऊन परत येते. टाकी उतरवली हे योग्य झाले. आताचा फिल्टर नवीन असला तरी तो बदलाच, कारण त्याने बराच गाळ आणि पाणी अडवले असणार. नवा बसवल्यावर हातपंप घट्ट होईपर्यंत मारून हवा काढा आणि मगच सेल्फ द्या. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू हंगामभर अधूनमधून सैल करून पाणी काढत राहा, आणि पावसाळ्यात गाडी उभी करण्यापूर्वी टाकी काठोकाठ भरून ठेवा.