२०२५ मध्ये गेलेल्या मान्यवरांचा स्मरणफलक: नावं, तारखा, मजकूर, छपाई

सेलूकर_वाचक

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात २०२५ मध्ये गेलेल्या मान्यवरांचा स्मरणफलक लावायलोत. ११ फेब्रुवारीला रा. रं. बोराडे सरांना वर्ष होतंय, त्या दिवशी उघडायचा आणि २७ तारखेच्या मराठी भाषा गौरव दिनापर्यंत ठेवायचा. वाचन कक्षात १२ फूट लांबीची भिंत मोकळी आहे. समोर पश्चिमेची खिडकी.

यादी चाळीसच्या पुढं गेलीय. बोराडे सर, शिवराज पाटील चाकूरकर, बाबा आढाव, जयंत नारळीकर, मारुती चितमपल्ली, राम सुतार, धर्मेंद्र, मनोज कुमार, असरानी, सतीश शाह आणि बरेच. शिवाय तालुक्यातले एक स्वातंत्र्यसैनिक, एक कीर्तनकार आणि दोन शिक्षक. या चौघांच्या जन्मतारखा घरच्यांनाही नक्की सांगता येत नाहीत. फोटो सगळे व्हॉट्सॲपवर आलेले आहेत. सदस्य म्हणतात, एक मोठा फ्लेक्स मारा आणि मोकळे व्हा.

नावं किती ठेवावीत, तारखा कुठून तपासाव्यात, एकाबद्दल किती लिहावं आणि फ्लेक्स घ्यावा की दुसरं काही? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी सविस्तर सांगावं.

---

नोंदवही_परभणी

चाळीस नावं घेऊ नका. चाळीस चेहरे एका भिंतीवर लागले की लोक चेहरे ओळखत पुढं सरकतात, मजकुरापाशी कुणी थांबत नाही. सोळा पुरेत. आधी तालुक्यातले चौघं, मग मराठवाडा, मग महाराष्ट्र, उरलेल्या जागेत देश. कुणाला घ्यावं यावर वाद झाला तर एवढंच विचारा: या माणसाचं काम वाचकाच्या हातात देता येईल असं काही आपल्या कपाटात आहे का? सिनेमातली दोन नावं बास. त्यांना टीव्हीनं आठवडाभर जागा दिली. चितमपल्लींना ती वाचनालयानं द्यायची असते.

आता तारखा. निधनाची तारीख चुकायची तीन ठरलेली कारणं आहेत.

एक, अफवा. धर्मेंद्र गेल्याची बातमी ११ नोव्हेंबरला सगळीकडं फिरली, त्याच दिवशी घरच्यांनी ती खोटी असल्याचं सांगितलं. ते गेले २४ नोव्हेंबरला. त्या आठवड्यात तयार झालेल्या श्रद्धांजलीच्या चित्रांवर जुनी तारीख आहे आणि ती अजून पुढं ढकलली जातात. त्यामुळं श्रद्धांजलीच्या चित्रावरून तारीख कधीच उचलू नका. कुटुंबाचं किंवा संबंधित संस्थेचं निवेदन पाहा, आणि अंत्यसंस्काराची बातमी त्याच्याशी जुळते का तेही पाहा.

दोन, मध्यरात्र. राम सुतार १७ डिसेंबरच्या मध्यरात्री गेले असं कुटुंबानं कळवलं, बातमी १८ ला आली. फलकावर १७ लिहायचं. बातमीची तारीख आणि निधनाची तारीख या दोन वेगळ्या नोंदी आहेत, कच्च्या यादीत दोन रकाने ठेवा.

तीन, परदेश. झाकीर हुसेन २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत गेले तेव्हा आपल्याकडं १५ डिसेंबरच्या रात्रीच बातमी आली, ती नाकारली गेली आणि १६ च्या सकाळी अधिकृतपणे कळवलं. तिथं तेव्हा १५ तारीखच होती, कारण हिवाळ्यात ते शहर आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागं असतं. माणूस जिथं गेला तिथली तारीख धरायची.

वयात तर हमखास चूक होते, कारण सालातून साल वजा केलं जातं. बोराडे सरांचा जन्म २५ डिसेंबर १९४०, निधन ११ फेब्रुवारी २०२५. वजाबाकी ८५ येते, पूर्ण झालेली वर्षं ८४. नारळीकर १९ जुलै १९३८ ते २० मे २०२५, म्हणजे ८६, ८७ नाही. चितमपल्ली ५ नोव्हेंबर १९३२ ते १८ जून २०२५, पूर्ण ९२. निधनाच्या वर्षी वाढदिवस येऊन गेला होता का, एवढं बघायचं. आला नसेल तर एक कमी. सगळ्यात बरं म्हणजे वय लिहूच नका, दोन्ही तारखा लिहा.

---

मजकूर_तपासनीस

एका तक्त्यावर साठ ते सत्तर शब्द. त्यापेक्षा जास्त उभ्यानं वाचलं जात नाही. नमुना देतो:

> रा. रं. बोराडे
> (रावसाहेब रंगराव बोराडे)
> २५ डिसेंबर १९४०, काटगाव, जि. लातूर
> ११ फेब्रुवारी २०२५, छत्रपती संभाजीनगर
>
> कथाकार, कादंबरीकार आणि प्राध्यापक. १९७१ च्या ‘पाचोळा’ या कादंबरीत खेड्यातल्या गंगाराम शिंप्याच्या घराची वाताहत त्याची बायको पार्वती सांगते, तीही मराठवाड्याच्या बोलीत.
>
> आपल्या वाचनालयात: दाखल क्र. ____, कपाट ____

शेवटची ओळ सोडू नका. दाखल नोंदवहीतून क्रमांक काढा, पुस्तक कपाटात खरंच आहे का ते बघा, बाहेर गेलं असेल तर फलक उघडायच्या आधी परत मागवा. तक्ता वाचून माणूस कपाटापाशी गेला आणि पुस्तक नसलं, तर तो परत विचारत नाही.

विशेषणं सगळी काढा. ‘थोर’, ‘महान’, ‘अष्टपैलू’, ‘कधीही न भरून येणारी पोकळी’ हे सोळाही तक्त्यांवर तेच येणार. त्या जागी एक काम नेमकं सांगा. आढावांच्या तक्त्यावर ‘थोर समाजसेवक’ लिहिण्यापेक्षा पुण्यात हमाल पंचायत उभी केली आणि ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ चालवली, एवढं लिहिलं की माणूस कळतो.

नारळीकरांच्या तक्त्यावर एक मोठी चूक टाळा. ‘महास्फोटाचा सिद्धांत मांडणारे’ असं सर्रास लिहिलं जातं, ते उलट आहे. फ्रेड हॉईल यांच्याबरोबर त्यांनी १९६४ मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत मांडला, आणि महास्फोटाच्या कल्पनेला ते पुढंही आव्हान देत राहिले. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचे ते संस्थापक संचालक होते. विज्ञानकथा लिहिल्या, २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. तक्त्याखाली त्यांच्या विज्ञानकथांचा संग्रह ठेवा, आठवी-नववीची पोरं उचलतील.

चाकूरकरांच्या तक्त्यावर ते ‘गृहमंत्री असताना लातूरचे खासदार’ होते असं येऊ देऊ नका. १९८० ते १९९९ या काळात सलग सात निवडणुका ते लातूरमधून जिंकले, २००४ ला हरले आणि राज्यसभेवरून गृहमंत्री झाले. नोव्हेंबर २००८ मध्ये राजीनामा दिला. १९९१ ते १९९६ लोकसभेचे अध्यक्ष. लोकसभेला अध्यक्ष असतो आणि राज्यसभेला सभापती, इथं बऱ्याच जणांची गल्लत होते. जन्म १२ ऑक्टोबर १९३५, चाकूर. निधन १२ डिसेंबर २०२५, लातूर.

---

फसली_वाचक

तालुक्यातल्या चौघांसाठी.

निधनाची नोंद ज्या हद्दीत मृत्यू झाला तिथं होते, राहत्या गावी नाही. माणूस घरीच वारला असेल तर ग्रामपंचायतीत. उपचाराला संभाजीनगर, सोलापूर, नांदेड किंवा हैदराबादला नेलं असेल आणि तिथंच गेला असेल तर त्या महापालिकेत. गावच्या ग्रामसेवकाकडं नोंद सापडत नाही ती बहुधा याच कारणानं. घरच्यांकडं मृत्यू प्रमाणपत्र असतंच, कारण बँक आणि वारस नोंदीला ते लागतं. त्यावरची तारीख त्यांच्यासमोर उतरवून घ्या. झेरॉक्स मागू नका, वाचनालयाला ती ठेवायचं कारण नाही. मृत्यूचं कारण फलकावर अजिबात नको.

जन्मतारखेसाठी शाळेचा निर्गम उतारा. पण त्यावर १ जून असेल तर जपून. पूर्वी तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून टाकायचे, शाळेत घालताना वय बसावं म्हणून. दुसरा पुरावा मिळाला नाही तर फक्त साल लिहा.

स्वातंत्र्यसैनिकांची अडचण वेगळी. १९४८ च्या आधीची आपल्याकडची शाळा निजामाच्या राज्यातली, नोंद उर्दूत आणि सन फसली, म्हणजे निजाम सरकारचं महसुली वर्ष. तो आकडा हिजरी समजून बदलला की सगळं गणित बिघडतं. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. फसली सनात ऑक्टोबर ते डिसेंबर या काळासाठी ५९० मिळवायचे, जानेवारीपासून पुढं ५९१. उदाहरणार्थ, फसली १३५७ ऑक्टोबर १९४७ मध्ये सुरू झालं आणि पोलीस ॲक्शन झाली ती सप्टेंबर १९४८ मध्ये, त्याच फसली वर्षाच्या शेवटी. महिन्यांचा क्रम असा: आजूर, दै, बहमन, इस्फंदार, फरवर्दी, अर्दिबिहिश्त, खुर्दाद, तीर, अमरदाद, शहरेवर, मेहर, आबान. नोंदीत महिना पुसट असेल तर साल दोन आकड्यांत लिहा, जसं १९२७-२८. ओढूनताणून एक तारीख बसवू नका.

उर्दू नोंद वाचायला गावातल्या जुन्या मदरशातले किंवा उर्दू शाळेतले गुरुजी गाठा. घसट अक्षरात २ आणि ३ सारखे दिसतात. तेव्हा दोघांकडून वेगवेगळं वाचून घ्यायचं.

---

छापखाना_जालना

एक मोठा फ्लेक्स नको. एक नाव चुकलं तर पूर्ण फ्लेक्स पुन्हा मारावा लागतो, शिवाय तो चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्ससारखा दिसतो. प्रत्येकाचा स्वतंत्र ए-३ तक्ता करा. व्हाइनलवर (चिकट प्लास्टिकच्या कागदावर) छापून ५ मिलिमीटरच्या सनबोर्डवर (फोमच्या हलक्या पाटीवर) चिकटवून घ्या. ३ मिलिमीटरचा बोर्ड उन्हानं धनुष्यासारखा वाकतो, आणि तुमच्या भिंतीवर तर दुपारनंतर थेट ऊन येणार. खिडकीला पांढरं कापड लावा. लॅमिनेशन मॅट सांगा, चकचकीत केलं की त्या उजेडात अक्षर दिसत नाही.

८ बाय ४ फुटांच्या एका शीटमधून ए-३ चे २० तुकडे निघतात. तुम्हाला १८ लागतील: १६ नावं, एक शीर्षक, एक फोटोंच्या श्रेयाचा. छपाई साधारण २४ चौरस फूट भरते, भाव चौरस फुटावर ठरवा आणि चिकटवणं, कापणं त्यात धरलंय का ते आधी विचारा. १२ फुटांत एका ओळीत नऊ तक्ते, दोन तक्त्यांत चार इंच जागा. दोन ओळी. वरच्या ओळीची वरची कड जमिनीपासून सहा फुटांवर.

अक्षर: नाव ६० पॉइंट, तारखा २८, मजकूर २४. त्याखाली गेलात तर वयस्कर वाचकांना चार फुटांवरून वाचता येत नाही, आणि तुमच्याकडं दुपारी पेपर वाचायला येतात ते तेच.

फोटो ५ बाय ७ इंच छापायचा तर किमान १००० बाय १४०० पिक्सेल हवा. पुढं ढकलत आलेला व्हॉट्सॲपचा फोटो बऱ्याचदा एवढा नसतो. मोबाईलवर तो बरा दिसतो, छापला की गालावर चौकोन उमटतात. मूळ फोटो ज्याच्याकडं आहे त्याला ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. घरातला जुना फोटो असेल तर काचेतून काढून स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करा. काचेवरून मोबाईलनं काढला तर ट्यूबलाइटची पट्टी कपाळावर येते. मोठ्या लोकांचे फोटो विकिमीडिया कॉमन्सवरून घ्या, छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा प्रकार श्रेयाच्या तक्त्यावर लिहा. वर्तमानपत्रातला फोटो उचलू नका.

सगळ्यात जास्त घोळ टायपिंगमध्ये होतो. तुम्ही युनिकोडमध्ये दिलेला मजकूर छापखान्यातल्या जुन्या कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की पहिली वेलांटी अक्षराच्या मागं जाते आणि रफार भलत्याच डोक्यावर बसतो. मग ऑपरेटर श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये नव्यानं टाइप करतो आणि त्याच वेळी तारखा बदलतात. म्हणून मजकूर पीडीएफमध्ये द्या आणि ए-४ वर कागदी प्रूफ काढायला लावा. प्रूफ दोघांनी बघायचं: एकानं मूळ यादीतून मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं प्रूफवर बोट ठेवायचं. आकडे सुटे वाचा, ‘एक नऊ तीन दोन’ असे. १९३२ आणि १९२३ नजरेतून सहज निसटतात.

चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर डबल टेप दोन दिवसांत भुकटीसकट सुटतो. वर आणि मध्ये लाकडी पट्ट्या ठोका, बोर्डाला मागून भोक न पाडता दोन क्लिपा लावा आणि सुतळीनं टांगा.

---

सेलूकर_वाचक

खूप उपयोग झाला, आभार. दोन शंका राहिल्या. नावाआधी कै. लावायचं की नाही? आणि कीर्तनकार महाराजांच्या घरचे म्हणतात, पुण्यतिथी तिथीनंच लिहा.

---

नोंदवही_परभणी

काहीच लावू नका. महाराजांना घरचे वै. म्हणणार, बौद्ध कुटुंब कालकथित लिहितं, लिंगायत घरात लिंगैक्य, मुस्लिम घरात मरहूम. एका भिंतीवर सगळ्यांना कै. लावलं तर निम्म्या घरांना ते परकं वाटतं आणि प्रत्येकाला वेगळं लावलं तर फलक जातवार दिसतो. दोन तारखा आहेत, त्यात सगळं आलं. शीर्षकात ‘दिवंगत’ एकदा पुरे.

महाराजांच्या तक्त्यावर तारखेखाली तिथीची ओळ जरूर द्या, वारकरी मंडळी तिथीनंच येतात. फक्त कार्यक्रमाचा दिवस ठरवताना पंचांग बघा. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे. २०२५ च्या ज्येष्ठात गेलेल्यांचं पहिलं वर्षश्राद्ध त्यामुळं अधिक ज्येष्ठातल्या तिथीलाच करतात, नंतरच्या निज ज्येष्ठात नाही. चितमपल्ली १८ जूनला गेले, त्यांचं पहिलं वर्षश्राद्ध तिथीनं १५ जूनच्या आधीच येतं.

---

मजकूर_तपासनीस

आढावांच्या तक्त्याची एक जादा प्रत काढा. ८ डिसेंबरला ते गेले, वय ९५. ती प्रत मोंढ्यात, हमाल बसतात त्या शेडला लावा, ए-३ च राहू द्या पण मजकूर ३२ पॉइंट करा आणि शब्द चाळीसवर आणा. खाली १९६९ च्या माथाडी कायद्याचं नाव आणि वाचनालयाची वेळ लिहा. तिथं धूळ आणि ओल दोन्ही असते, तेव्हा व्हाइनलच्या चारही कडा मागं एक इंच दुमडून घ्यायला सांगा, नाहीतर कोपऱ्यापासून सुटतं. बाजार समितीची परवानगी तोंडी नको, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.