पिकअपच्या हौद्यावर बसणारा, छत उचलणारा जुना कॅम्पर घ्यावा का?

डाळिंबवाला

नमस्कार. सोलापुरात ‘कॅम्पर’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे महिंद्राची डबल केबिन पिकअप येते. ती पिवळ्या पाटीची बोलेरो कॅम्पर माझ्याकडे आहेच. सांगोल्याकडच्या बागेतून डाळिंबाचे क्रेट आणण्यासाठी घेतलेली. माझा प्रश्न तिच्या हौद्यावर ठेवायच्या खोलीबद्दल आहे, जिचे छत प्रवासात खाली बसते आणि मुक्कामी वर उचलले की कापडी भिंती ताणल्या जाऊन आत उभे राहता येते. पुण्याच्या पश्चिमेला राहणाऱ्या एका गृहस्थांनी सात वर्षांपूर्वी बॉडीवाल्याकडून बनवून घेतलेली अशी खोली विक्रीला आहे. ते सव्वातीन लाख मागतात आणि वजन ३८० किलो सांगतात. आम्ही घरात चौघे आहोत. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला उजनीच्या काठावर आणि सुट्टीत कोकणात जाण्याचा विचार आहे. फोटोंत सगळे चकचकीत दिसते, पण प्रत्यक्ष पाहायला गेल्यावर नेमके काय तपासावे, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

जुना_पाटा

विक्रेत्याने सांगितलेले वजन हे नेहमी रिकाम्या डब्याचे असते. त्यात साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो, मोठी ट्यूब्युलर बॅटरी पन्नासच्या आसपास, वर शेगडी, सिलिंडर, गाद्या आणि भांडी धरली की हौद्यात सव्वापाचशे किलो सहज होतात. केबिनमधल्या चौघांचे अडीचशे निराळे. तुमच्या आरसीवरील रिकामे वजन आणि एकूण वजन यांच्यातील फरकात हे बसते का, ते आधी पाहा, बहुधा बसेल. माझी शंका वजनापेक्षा ते वजन पडते कुठे, याबद्दल आहे.

डबल केबिनमुळे तुमचा हौदा आखूड आहे. अशा हौद्यावर लांब खोली ठेवली की तिचा भार मागच्या धुरीच्याही (ॲक्सलच्याही) मागे जातो, पुढची चाके हलकी पडतात आणि स्टिअरिंग तरंगू लागते. हे ओळखायला मार्केट यार्डाबाहेरचा कोणताही वजनकाटा पुरेसा आहे. खोली न ठेवता फक्त पुढची चाके काट्यावर चढवून आकडा घ्या, मग खोली ठेवून पुन्हा घ्या. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कमी आला तर भार धुरीच्या मागे आहे, आणि तो दोष मागच्या स्प्रिंगचे पाटे वाढवून जात नाही. पाटे वाढवले की मागचा भाग उंच दिसतो आणि मालकाचे समाधान होते, एवढेच. शिवाय कांद्याची पोती हौद्यात खाली बसून राहतात. ही खोली केबिनच्याही वर जाते. पुणे रस्त्यावर शेजारून ट्रेलर गेला की हा फरक हाताला कळतो.

तिसरा_पावसाळा

वजनाचे म्हणणे योग्यच आहे, पण अशा जुन्या वस्तूचा खरा शत्रू पाणी आहे आणि तो फोटोत दिसत नाही. मी चार वर्षांपूर्वी असाच एक कॅम्पर घेतला होता. विक्रेत्याने आतून नवे सनमायका लावून दिले होते, वासासाठी कापूर ठेवला होता, आणि मी त्या कापरावरच भाळलो. (देवघराचा वास येणाऱ्या गाडीवर संशय कोण घेईल?) पहिल्याच पावसाळ्यात केबिनवर पुढे आलेल्या बिछान्याखालची फळी हाताने दाबली की स्पंजासारखी दबू लागली. सनमायका काढल्यावर आतले प्लायवूड काळे पडून पानापानांनी सुटले होते. दुरुस्तीला खरेदीच्या निम्मा पैसा गेला.

म्हणून जाताना पोती शिवण्याचे दाभण सोबत न्या. विक्रेत्याची परवानगी घेऊन खोलीच्या खालच्या बाजूने, चारही कोपऱ्यांत आणि पुढे आलेल्या भागाच्या तळाशी ते दाबून पाहा. चांगले प्लायवूड दाभणाला जागा देत नाही. कुजलेल्यात ते विशेष जोर न लावता शिरते. ज्यांना दाभण लावू द्यायचे नसेल त्यांच्याकडे मुठीने ठोकून पाहा: कोरडी फळी खणखणीत वाजते, ओली बद्द वाजते.

कापडासाठी भर दुपारी छत उचलायला सांगा, आत जाऊन दार आणि खिडक्यांचे पडदे बंद करा आणि पाच मिनिटे अंधाराला डोळे सरावू द्या. घडी पडते त्या रेषांवर उजेडाचे टाचणीएवढे ठिपके दिसले तर तिथले रेक्झिन तडकले आहे. त्यानंतर पाण्याची नळी घेऊन छताच्या कडेवर वीस मिनिटे पाणी सोडा, समोरून आणि तिरके, कारण धावत्या गाडीवर पाऊस सरळ पडत नाही. पुण्याच्या पश्चिमेकडच्या पावसात पाणी आत मुरते, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात सील आक्रसून त्याच फटी रुंदावतात. हा कॅम्पर दोन्हींच्या तावडीत सापडणार आहे.

छत उचलणारे गॅसचे दांडेही पाहा. नंतर कोणी वर सोलर पॅनल बसवले असेल तर मूळ दांड्यांना तो भार पेलत नाही. छत उचलल्यावर टेपने उंची मोजा, तासाभराने पुन्हा मोजा, आणि लोखंडी टेकू दिलेला नसेल तर मुलांना आत झोपवू नका.

कलम_बावन्न

कागदपत्रांचा विषय राहून गेला. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले म्हणून बॉडीवाल्याने बनवलेली खोली आपोआप नियमात बसत नाही.

माझ्या मते सगळे ती कशी बसवली आहे यावर अवलंबून आहे. हौद्याच्या कड्यांना टर्नबकलने (फिरवून आवळायच्या हुकांनी) आवळलेली आणि चार जॅकवर उतरवता येणारी खोली हा माल आहे, अशी बाजू मांडता येते. वेल्ड केलेल्या खोलीबाबत तो युक्तिवाद टिकणार नाही. म्हणून खरेदीपूर्वी एमएच १३ च्या कार्यालयात लेखी विचारणा करावी. तुमची गाडी पिवळ्या पाटीची आहे. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी तिचे पासिंग होते, त्या दिवशी खोली उतरवूनच जावे लागेल. चालत्या गाडीत त्या खोलीत कोणीही बसायचे नाही, मुले कितीही हट्ट करोत. खोलीला स्वतःची आरसी नसल्याने तिची सविस्तर पावती करून घ्या आणि ती विक्रेत्याच्या गाडीच्या कर्जात धरलेली नाही, हेही त्यात लिहून घ्या.

तिसरा_पावसाळा

गॅसबद्दल एक ओळ राहिली. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, म्हणून सिलिंडरच्या कपाटाला तळाशी, बाहेर उघडणारे छिद्र हवे. वरची खिडकी कामाची नाही. नळीवर छापलेले वर्ष पाहा, पाच वर्षे उलटली असतील तर ती बदला.

डाळिंबवाला

सर्वांचे आभार. रविवारी जाऊन आलो. दाभण तीन कोपऱ्यांत अडले आणि पुढच्या डाव्या कोपऱ्यात निम्म्याहून अधिक आत गेले. बाहेर काढले तेव्हा त्याच्या टोकाला ओला भुसा चिकटलेला होता. विक्रेत्यांना ते खरोखरच ठाऊक नव्हते, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. त्यांच्याच गाडीवर खोली काट्यावर नेली, तर पाणी न भरता वजन ४७० किलो निघाले. माझ्या हौद्याच्या मापाने पाहता ती मागे दीड फूट बाहेर राहते, त्यामुळे आहे तशी घेण्याचा विचार सोडला. मात्र छत उचलण्याची ॲल्युमिनियमची चौकट आणि चारही जॅक उत्तम आहेत. तेवढेच सत्तर हजारांना ठरले असून खालची पेटी माझ्या हौद्याच्या मापाने, आखूड, इथेच होटगी रस्त्यावर बनवून घेईन. नव्या कापडी भिंती शिवताना काय सांभाळावे?

ताडपत्री_शिवणारा

माझा धंदाच तो आहे. कापड छत पूर्ण उचलून मापा आणि प्रत्येक बाजूला दोन बोटे सैल ठेवा. ताणून शिवलेले कापड थंडीत आखडते आणि शिवणीच्या भोकांतून फाटते. दोरा उन्हाला टिकणारा पॉलिएस्टरचाच वापरा, सुती दोरा दोन पावसाळ्यांत कुजतो. छत खाली बसताना कापड बाहेर येऊन कडेत चेपू नये म्हणून मध्ये लवचीक पट्टी टाकून ते आत ओढून घ्यावे. चौकट घरी आली की मापे घेऊन या.