टायरची हवा : फुकट मिळते की पैसे मोजावे लागतात? तुमचे अनुभव लिहा

धागाकर्ती, ठाणे
पेट्रोल पंपावर हवा मोफत मिळाली पाहिजे. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम, हिंदुस्तान पेट्रोलियम या सरकारी तेल कंपन्यांच्या नियमावलीतच ते आहे. पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, प्रथमोपचार पेटी, तक्रारवही यांच्या यादीत हवाही येते. तरी ‘मशीन बंद आहे’ ही पाटी किती ठिकाणी दिसते! आणि चालू असलं तर हवा भरणाऱ्या मुलाच्या हातावर काही ठेवायचं की नाही, यावरून आमच्या घरात दर वेळी वाद. परदेशात तर म्हणे मशीनमध्ये पैसे टाकल्याशिवाय हवाच येत नाही. हवेसाठी अडवणूक झाली की माणूस ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणून निघून जातो आणि कमी हवेची गाडी तशीच पळत राहते, याची मला खरंच काळजी वाटते. तुमच्याकडे काय चालतं ते लिहा. पंपाचं नाव नको, गावाचं चालेल.

नाशिक
ऑफिसच्या वाटेवरच्या एका पंपावर मशीन कायम बंद. ‘कॉम्प्रेसर दुरुस्तीला गेलाय.’ एकदा हे उत्तर ऐकत असतानाच माझ्यासमोर एका मोठ्या गाडीत हवा भरली गेली. मी आवाज न चढवता तक्रारवही मागितली. मॅनेजर बाहेर आले आणि लगेच हवा मिळाली. बायकांना स्कूटरच्या हवेसाठी ताटकळत ठेवतात, हा माझ्या मैत्रिणींचाही अनुभव आहे. आता मी हवेच्या दाबाचा आकडा सांगूनच स्कूटर स्टँडवर लावते : ‘पुढे २२, मागे २९.’ आकडा ऐकला की मुलगा गेजकडे नीट बघतो. आपापल्या गाडीचा आकडा पुस्तिकेत असतो, तो पाठ करून ठेवा.

अहिल्यानगर जिल्हा
शिकत असताना मी पंपावर हवेवर होतो, म्हणून दुसरी बाजू लिहितो. पेट्रोल सोडणाऱ्या पोरांना पगार होता. हवेवरच्याला सांगितलेलं, ‘गाडीवाले देतील ते तुझं.’ उन्हाळ्यात नळी इतकी तापायची की फडकं गुंडाळून धरावी लागे. वॉल्व्हची टोपणं हरवू नयेत म्हणून ओठांत धरायचो. चारी चाकांशी उकिडवं बसायचं, मग डिकी उघडून सामानाखालची स्टेपनी, आणि गाडीवाला काच वर करून निघून जायचा. त्याला मी दोष देत नाही, हवा फुकट असल्याचं त्याला कंपनीनेच सांगितलंय. पण हवा फुकट म्हणजे भरणाऱ्याची मेहनतही फुकट, असं कुणी ठरवलं? पाच-दहा रुपये द्यायचे की नाही हा प्रश्न गिऱ्हाइकापुढे यायलाच नको. पंपमालकाने पगार द्यावा, विषय संपतो.

धागाकर्ती
हे वाचून आमच्या घरातला वाद मिटला. पगार मिळेपर्यंत मी देत राहणार.

सॅन होजे, कॅलिफोर्निया
आमच्या राज्यात यासाठी कायदाच आहे. १९९९ साली झाला आणि २००० पासून लागू आहे. पेट्रोल घेतलेल्या ग्राहकाला हवा, पाणी आणि दाब मोजायचं गेज फुकट द्यायलाच हवं. तशी पाटी लावावी लागते, तक्रारीच्या फोन नंबरसकट. पण मशीनवर नाण्यांची खाच आणि कार्डाची जागा आधी दिसते, पाटीकडे लक्ष जात नाही. नवीन आलेला माणूस गपचूप पैसे भरतो. आत काउंटरवर जाऊन ‘पेट्रोल घेतलंय, हवा चालू करा’ एवढंच म्हणायचं, कॅशियर आतूनच मशीन सुरू करतो. इथे नव्याने येणाऱ्या प्रत्येक मराठी कुटुंबाला मी हे आवर्जून सांगते. कनेक्टिकटमध्येही फुकट हवेचा कायदा आहे. बहुतेक राज्यांत मात्र काही नाही.

मिनियापोलिस
आम्ही त्या ‘काही नाही’वाल्या राज्यात. तापमान १० अंश फॅरेनहाइटने उतरलं की टायरचा दाब साधारण १ पीएसआयने (आपल्याकडे ज्याला ‘पॉइंट’ म्हणतात) उतरतो. त्यामुळे पहिल्या कडाक्याच्या थंडीत सगळ्या गावाच्या डॅशबोर्डवर पिवळा दिवा एकाच सकाळी लागतो. (सप्टेंबर २००७ पासून इथल्या सगळ्या नव्या गाड्यांना तो दिवा सक्तीचा आहे, दाब २५ टक्के घटला की लागतो.) पंपावर रांग. मशीनला दोन डॉलर द्यायचे आणि काही मिनिटांत ते थांबणार. हातमोजे काढल्याशिवाय टोपण निघत नाही, बोटं बधिर होतात, चौथ्या चाकापाशी पोचेपर्यंत वेळ संपते आणि पुन्हा पैसे. आता गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर घेतलाय. हवा गॅरेजमध्येच भरतो, तीही गाडी बाहेर काढण्याआधी, टायर थंड असताना. गाडीच्या दारापाशी चिकटवलेला दाबाचा आकडा थंड टायरचाच असतो.

म्युनिक
इथे बहुतेक पंपांवर अजून फुकट. खांबाला अडकवलेली हवेची टाकी गेजसकट उचलायची, चाकापाशी न्यायची, प्लस-मायनस दाबून दाब ठरवायचा, परत अडकवायची. मोजमाप ‘बार’ या एककात असतं, पीएसआयमध्ये नाही, हे लक्षात ठेवा.

कोल्हापूर
आमच्याकडे नवीन प्रकार : ‘साधी हवा नाही, नायट्रोजन आहे.’ म्हणजे दर चाकाचे वेगळे पैसे. नायट्रोजन वाईट नाही, दाब जरा सावकाश उतरतो, आत ओलावा राहत नाही. पण साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. रोजच्या गाडीला साधी हवा वेळेवर भरली तरी पुरते, आणि नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा भरली तर काही बिघडत नाही. ज्याला हवा तो घेईल, पण फुकटची हवा बंद ठेवून हे गळ्यात मारणं मला अजिबात मान्य नाही.

जालना
समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि टायर फुटून अपघातांच्या बातम्या सुरू झाल्या. पुढे आरटीओने गुळगुळीत टायरच्या गाड्या अडवायलाही सुरुवात केली. तरी आमच्याकडे जाणती माणसं अजून सांगतात, ‘उन्हाळा आहे, हवा कमी ठेव.’ कृपा करून ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त वाकते, त्या वाकण्याने आतून तापते, आणि सलग वेगात तोच टायर फुटतो. कंपनीने दिलेला आकडा उन्हाळ्यातही तोच. लांब जायचं असेल तर सकाळी निघतानाच जवळच्या पंपावर भरा.

पनवेल
मी ट्रक चालवतो, दहा चाकी. आमच्या टायरला शंभराच्या वर पॉइंट लागतात. पंपावरचं मशीन बहुतेक ठिकाणी तिथवर चढतच नाही, म्हणून हायवेच्या पंक्चरवाल्याकडे पैसे देऊनच भरतो. त्याच्याबद्दल तक्रार नाही. मध्यरात्री उठवला तरी तो मागच्या जोडीतल्या आतल्या टायरलाही हात घालून हवा बघतो. आतला बसला तर सगळा भार बाहेरच्यावर जातो आणि तोही जातो, हे त्याला सांगावं लागत नाही. माझी मागणी पंपांकडे आहे. आमची गाडी एका वेळी शेकडो लिटर डिझेल घेते. ट्रकला पुरेल असा कॉम्प्रेसर तिथेच ठेवा, म्हणजे डिझेल भरतानाच चाकंही बघून होतील.